हातात पोर नाय, उशी आसा

तालुक्याच्या गावी एक प्रसूतिगृह आहे. काही वर्षांपूर्वी तिथल्या डॉक्टरांनी बाळंतिणींच्या खोलीबाहेरच्या भिंतीसाठी मला एक चित्र करायला सांगितलं. "मास्तर, आई आणि बाळ काढा. बघून बरं वाटलं पाहिजे." मी शाळेत चित्रकला शिकवतो. अशी कामं वर्षाला एखाद-दुसरी येतात आणि ती नाकारण्याइतका मोठा चित्रकार मी नाही. चार बाय तीन फुटांचा कॅनव्हास घेतला, ऑइलमध्ये काम केलं. मागे पिवळसर उजेड, आईच्या अंगावर गुलाबी साडी, मान जराशी कललेली, डोळे अर्धे मिटलेले, छातीशी गुटगुटीत बाळ. तीन आठवडे खपलो. डॉक्टर खूश झाले, पैसेही वेळेवर मिळाले.

चित्र टांगायला मी स्वतः गेलो होतो. तिथे बाकावर आमच्या वाडीतली आक्का बसली होती. आक्का म्हणजे आमच्या पंचक्रोशीत बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालणारी बाई. माझ्या वयाची निम्मी वाडी तिच्या पायांवर न्हालेली आहे. मीसुद्धा. नातसुनेला घेऊन आली होती. मी खिळा ठोकेपर्यंत गप्प होती. मग उठली, चित्राच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"मास्तरांनू, ह्यां तुमी काढलास?"

"हो."

"साडी बरी काढलास." परत बघितलं. "पण हिच्या हातात पोर नाय, उशी आसा."

मी हसून वेळ मारून नेली. एसटीत बसल्यावर खिशातला मोबाइल काढला, चित्राचा फोटो मोठा करून पाहिला आणि आक्का म्हणाली ते सगळं दिसायला लागलं. मी काढलेलं बाळ आकाराने सात-आठ महिन्यांचं. म्हणजे सात-आठ किलो तरी असणारच. तेवढं ओझं हातावर असताना माझ्या चित्रातल्या बाईचे दोन्ही खांदे एका पातळीत होते. मनगट सैल. कोपर हवेत. हळदीकुंकवाचं तबक धरावं तसं तिने पोर धरलं होतं. चित्रकलेच्या कॉलेजात लाइफ क्लासमध्ये, म्हणजे जिवंत माणूस समोर ठेवून काढायच्या तासाला, पहिल्याच आठवड्यात कानीकपाळी ओरडून सांगितलेली गोष्ट, की चेहऱ्याकडे नंतर जा, वजन कुठल्या पायावर आहे ते आधी बघ. ती मी आजही पोरांना सांगतो आणि मोठा कॅनव्हास हातात आल्यावर स्वतःच विसरलो. आई म्हटलं की आमचा हात आपोआप मऊ पडतो. कवितेत पडतो, भाषणात पडतो, चित्रात तर पडतोच.

---

त्याच पावसाळ्यात माझ्या चुलतभावाच्या मुलीला मुलगा झाला आणि आक्का रोज सकाळी त्यांच्याकडे यायला लागली. मी विचारलं, न्हाणीच्या दाराशी बसून रेखाटलं तर चालेल का? "बसा. पण मधी बोलू नको," म्हणाली. मास्तर म्हणून आदर आणि पायांवर न्हालेला म्हणून एकेरी, असं तिचं एकाच वाक्यात चालतं.

न्हाणीत चुलीवर हंडा. पाटावर आक्का, दोन्ही पाय सरळ पसरलेले, लुगडं गुडघ्यांपर्यंत सारलेलं. दोन्ही नडग्या एकमेकींना चिकटल्या की मध्ये एक घळ तयार होते. त्या घळीत बाळाची पाठ, आणि जोडलेल्या घोट्यांच्या खळग्यात बाळाचं डोकं. हे आसन इतकं नेमकं आहे की ते कुणीतरी मापं घेऊन बेतलं असावं असं वाटतं. आधी कोमट खोबरेल, टाळूवर थापून. मग डाळीचं पीठ, दूध, चिमूटभर हळद. मग ती बाळाला एका हाताने उलथी करते. हा क्षण मला पहिले चार दिवस कागदावर पकडताच आला नाही. तिचा डावा पंजा बाळाच्या छातीखाली जातो, अंगठा एका काखेत, करंगळी दुसऱ्या काखेत, आणि बाळ पालथं होतं. पाणी ओतताना तोच पंजा बाळाच्या कपाळावर आडवा, नाकातोंडात धार जाऊ नये म्हणून. आणि बाळ रडतंय. सगळा वेळ, जिवाच्या आकांताने. आक्काच्या चेहऱ्यावर मात्र वात्सल्य वगैरे काहीही नाही. नारळ सोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तेवढंच लक्ष.

पाचव्या दिवशी मी चेहरा काढणं सोडून दिलं. फक्त पंजे आणि नडग्या काढल्या. तेव्हा कुठे कागदावर पोर आलं.

न्हाणं झालं, धुरी झाली, बाळ कापडात घट्ट बांधलं गेलं आणि झोपलं. आक्काने ते माझ्या हातात दिलं. "धरा. जागा आसताना हलका लागता. निजला काय दुप्पट जड जाता." खरंच जड झालं होतं. शास्त्र काय म्हणेल ते म्हणो, झोपलेलं मूल स्वतःचं वजन स्वतः धरून ठेवत नाही, सगळंच्या सगळं आपल्यावर सोडून देतं.

---

त्या दिवसापासून मला आई-मुलाची चित्रं वेगळ्या तऱ्हेने बघायची खोड लागली. आधी हात बघतो. नको तिथेही बघतो.

इटलीचा चित्रकार राफाएल याची सिस्टिन मॅडोना घ्या, म्हणजे मेरी आणि बाळ येशू. 1512 च्या सुमाराची, आता जर्मनीत ड्रेस्डेनला आहे. तिच्या पायाशी हनुवटीला हात लावून बसलेले दोन पंखवाले पोरगे आता कपांवर, वह्यांवर, राख्यांच्या डब्यांवरसुद्धा भेटतात, त्यामुळे चित्र माहीत नसलं तरी त्याचा तळ सगळ्यांना माहीत आहे. मेरी ढगांवरून अनवाणी चालत येतेय आणि तिच्या हातावर चांगलं दांडगं पोर आहे. चित्र थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आक्का तिच्यासमोर उभी राहिली तर काय म्हणेल याची मला खात्री आहे. ढगावर चालणाऱ्या बाईला ओझं लागत नसावं.

याउलट चित्रकार मेरी कॅसॅट. जन्म 1844 चा, अमेरिकेतला. आयुष्य गेलं पॅरिस आणि आसपास. लग्न केलं नाही, मूल नाही, आणि आई-मुलाची चित्रं काढण्यात तिचा हात कुणी धरला नाही. तिचं 1893 चं मुलाच्या अंघोळीचं चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. मी ते छापीलच पाहिलंय, पण इतक्या वेळा की त्यातल्या साडीचे, चुकलो, झग्याचे पट्टे मला पाठ आहेत. बाई खाली बसलेली, मांडीवर अंगाला टॉवेल गुंडाळलेली मुलगी, मुलीचे पाय तसराळ्यात. एका हाताने बाईने मुलीच्या पोटाला विळखा घातलाय, दुसऱ्या हातात तिचं पाऊल. मुलीने तोल सावरायला आपला हात बाईच्या गुडघ्यावर रेटलाय. तो रेटलेला हात म्हणजे सगळं चित्र. मूल नुसतं धरलं जात नाही, तेही धरून असतं. दोघींपैकी कुणीही आपल्याकडे बघत नाही. दोघी पाण्यात बुडलेल्या पावलांकडे बघताहेत. आणि हे सगळं वरून पाहिलेलं. 1890 साली पॅरिसमध्ये जपानी लाकूडठशांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्याने ती झपाटली होती. ती वरून बघायची नजर आणि सपाट रंग तिथले. न्हाणीच्या दारात उभं राहून खाली बघितलं की नेमकं असंच दिसतं, हे मला कुणी कॉलेजात सांगितलं नव्हतं.

चित्रकार कुठे उभा आहे, हाही त्यातलाच प्रश्न. राजा रवि वर्मांनी 1893 मध्येच आपल्या मुलीचं, महाप्रभेचं, एक चित्र केलं. कडेवर बाळ, पायाशी कुत्रा, आणि ती बाळाला चौकटीबाहेर बोट करून दाखवतेय, ते बघ बाबा आले. बाबा चित्रात नाहीतच. रंगवणारा तर आजोबा. मला हे चित्र जरा नटवं वाटतं, पण त्यातली कड मात्र खरी आहे. ‘कड’ हा आपला शब्दच बघा. कंबर नाही, मांडी नाही, नितंब नाही. मूल ठेवायची जागा म्हणजे कड. मूल नसेल तेव्हा ती जागा शरीरावर असते की नाही, देव जाणे.

---

आता घरातलं चित्र. आषाढातल्या दीप अमावास्येला आई देवघराच्या भिंतीवर जिवतीचा कागद लावते. वर हिरण्यकशिपूला मांडीवर आडवा घेतलेला नरसिंह, मग कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, मग पोराबाळांच्या गराड्यातल्या जरा आणि जिवंतिका, खाली हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. छपाई अशी की जिवतीच्या नाकाचा रंग गालावर आणि गालाचा हवेत. चित्रकलेच्या मास्तराच्या घरात हे असलं काय, म्हणून मी कॉलेजातून आल्यावर एकदा स्वतः कागद रंगवून दिला होता, सुबक, जलरंगात. आईने तो कौतुकाने ट्रंकेत ठेवला आणि दुकानातून पाच रुपयांचा छापील आणून भिंतीवर लावला.

या जरेची गोष्ट महाभारताच्या सभापर्वात आहे. मगधाचा राजा बृहद्रथ, त्याला काशिराजाच्या जुळ्या मुली राण्या म्हणून, आणि मूल नाही. चंडकौशिक ऋषींनी एक आंबा दिला. (आमच्याकडे हे वाचून कुणीतरी विचारतंच, कुठला? हापूस नसणार, एवढं सांगता येतं.) राण्यांनी तो निम्मा निम्मा खाल्ला आणि दोघींना अर्धं अर्धं मूल झालं. एक डोळा, एक हात, एक पाय. घाबरून दायांकरवी ती शकलं चव्हाट्यावर टाकून दिली. तिथे जरा नावाची राक्षसी आली. मांस खाणारी. तिने दोन्ही तुकडे उचलले आणि न्यायला सोपं जावं म्हणून एकमेकांना जुळवले.

न्यायला सोपं जावं म्हणून! माया नाही, दया नाही, हाताला सोयीचं व्हावं म्हणून. आणि तुकडे जुळताच पोर जिवंत झालं आणि असं जड झालं की राक्षसीला उचलवेना. लालबुंद मूठ तोंडात घालून ते ढगासारखं गर्जायला लागलं. तोच जरासंध. मग जरेने त्याला नेऊन राजाच्या हाती दिलं आणि राजाला सांगितलं ते असं, की जो मला तरुण, मुलांनी वेढलेली अशी भक्तीने आपल्या घराच्या भिंतीवर काढील, त्याच्या घराची भरभराट होईल. नाही काढलं तर क्षय.

आई-मुलाचं चित्र भिंतीवर काढा असा सरळ हुकूम मला दुसरीकडे कुठे वाचल्याचं आठवत नाही. आणि तो कुणाचा, तर पोर न उचलवलेल्या बाईचा. हे वाचल्यापासून मी त्या छापील कागदाला नावं ठेवणं बंद केलंय. प्रसूतिगृहातल्या माझ्या गुलाबी बाईपेक्षा ही भडक रंगाची राक्षसीण मुलांना जास्त ओळखते.

---

शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या पोरांकडून मी स्मरणचित्राचा सराव करून घेतो. एकदा विषय दिला, ‘माझी आई काम करताना’. बहुतेकांनी पाठमोरी आई काढली. चुलीपुढे, विहिरीवर, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बंदराच्या चढणीला लागलेली. मी आधी समजलो की चेहरा जमत नाही म्हणून पळवाट. मग लक्षात आलं, यांना आई खरोखर तशीच दिसते. आपण मागे, ती पुढे. मांडीवरून उतरल्यापासून पुढची सगळी वर्षं मूल आईची पाठच बघतं. आणि मग एक दिवस एसटी सुटते आणि आई पाठ बघते. कोकणात तर हे ठरलेलंच. पूर्वी बोट होती, मग लाल एसटी, 1998 पासून कोकण रेल्वे. चाकरमानी तोच.

सुटण्याचं चित्र अजिंठ्यात आहे. सतरा नंबरच्या लेण्यात, पाचव्या शतकातलं. बुद्ध घरी परतलाय, पण भिक्षापात्र घेऊन, आणि समोर यशोधरा आणि राहुल. बुद्ध भिंतभर उंच, ही दोघं त्याच्या गुडघ्याएवढी. मी कॉलेजच्या सहलीत गेलो होतो तेव्हा गाइडच्या बॅटरीचा उजेड बुद्धाच्या चेहऱ्यावरच खिळला होता. मला खालच्या दोघांवर हवा होता. शेवटी मिळाला, अर्धा मिनिट. आईचा हात पोरावर आहे आणि तो हात पोराला पुढे सारतोय. त्या हाताचं वळण मी तेव्हा घाईघाईने उतरवलं होतं. अजून आहे ते पान. धरणारा हात आणि सारणारा हात दिसायला एकसारखेच असतात, हे काढून बघितल्याशिवाय पटत नाही.

जर्मन चित्रकार केथे कोल्विट्झबद्दल लिहायचं टाळणार होतो. तिचं 1903 चं एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र), मेलेल्या मुलाला कवटाळून बसलेली आई, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पुस्तक मिटलं होतं. जनावर आपल्या पिल्लावर वाकतं तशी ती बाई उघड्या अंगाने मुलावर वाकलीय, गुडघा वर घेतलेला, नाक-तोंड त्याच्या छातीत. कोल्विट्झ बर्लिनमध्ये राहायची, नवरा गरिबांच्या वस्तीतला डॉक्टर. हे चित्र करताना तिने स्वतःच आरशासमोर बसून आपल्या सात वर्षांच्या पेटरला हातांवर घेतलं होतं. त्याला पेलताना ती कण्हायला लागली, तर पोरगाच तिला धीर देऊ लागला, चित्र छान होईल म्हणून. अकरा वर्षांनी, 1914 च्या ऑक्टोबरात, पहिल्या महायुद्धात हा पेटर मारला गेला. अठरा वर्षांचा होता. यावर मला काहीच म्हणायचं नाही. फक्त त्या चित्रातलं वजन खरं आहे, ते एका आईने सात वर्षांचं पोर हातावर घेऊन मोजलेलं आहे.

आणि चित्रकार एम. एफ. हुसेन. पंढरपूरचा जन्म, 1915 चा. आई गेली तेव्हा दीड-दोन वर्षांचा असेल. तिचा चेहरा आठवत नव्हता, फोटोही नव्हता. पुढे मदर तेरेसांची चित्रं काढली तीत निळ्या काठाची पांढरी साडी आहे, तिच्या घड्या आहेत, मांडीवर मुलं आहेत. साडीच्या आत चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार. माझ्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना मी हे दाखवतो. एकदा सातवीतली एक मुलगी म्हणाली, सर, चेहरा नाही तरी आईच वाटते. मी म्हटलं, कशावरून? ती म्हणाली, मांडीवरून.

---

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुसरा शुक्रवार. पाऊस झिमझिम, खळ्यात शेवाळ. माझा धाकटा भाऊ बोटीवर असतो, मर्चंट नेव्हीत. सहा महिने पाण्यात, चार महिने घरी. आईने सकाळी जिवतीला आघाड्या-दुर्वांची माळ घातली, पुरणाचे दिवे केले आणि मला पाटावर बसवून ओवाळलं. पन्नाशीला आलेला मास्तर टोपी घालून पाटावर बसतो, पुतण्या हसतात, मग त्यांनाही ओवाळलं जातं. घरात नसलेल्या पोरासाठी चारी दिशांना अक्षता टाकायच्या असतात. ती तबक घेऊन पडवीत आली.

"आता कुठे असेल रे तो?"

मोबाइलवर बघितलं. "सिंगापूर सोडलंय परवा."

"म्हणजे कुठल्या अंगाला?"

मी घराच्या मागे, फणसाच्या दिशेला हात केला.

"आणि उद्या?"

"उद्या सरकलेला असेल ना आणखी."

"म्हणूनच सांगतात चारी अंगांना टाकायच्या," म्हणाली, जणू व्रत घालून देणाऱ्याचाही कुणी बोटीवर होता.

स्केचबुक हाताशी होतं. मी मागून काढायला घेतलं, तिच्या नकळत. पहिली मूठ समुद्राकडे. मग खाडीकडे. तबक तिने डाव्या कडेवर टेकवलं होतं आणि तिच्याही नकळत कंबर त्या बाजूला बाहेर आली होती, डावा खांदा खाली, कोपर बरगडीला टेकलेलं, बोटं तबकाच्या काठाखालून वर वळलेली. मी कोळशाने तेवढंच काढलं, खांद्यापासून टाचेपर्यंत एक रेघ. दमट हवेने अक्षता तिच्या ओल्या तळव्याला चिकटल्या होत्या. चौथ्या दिशेला टाकताना तिने हात दोनदा झटकला, उरलेल्या पदराला पुसल्या. कोंबड्या धावल्या.

वळली तेव्हा माझ्या हातातलं पान दिसलं. चष्मा नव्हता, तिने स्केचबुक लांब धरून बघितलं.

"तबक एवढं जड का काढलंस?"

मी काही बोललो नाही.

"मूठभर तांदूळ रे ते," म्हणाली आणि आत गेली. दिंडं वाफेवर होती.